वाद सहीच्या दिवशीच लिहिला जातो

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



आजच्या विषयाचं नाव एवढं लांब आहे की कार्यक्रमपत्रिकेत त्याला दोन ओळी लागल्या: ‘आंतरराष्ट्रीय व्यापारी तंट्यांची सोडवणूक आणि तिचा विद्यापीठीय अभ्यास’. एवढं वाचूनही आपण आलात, याबद्दल आधी आभार. पुढच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर मला प्रश्न दिसतोय. लंडन, पॅरिस, सिंगापूरला बसून बड्या कंपन्या भांडतात, त्यांचे वकील तासाला आपला महिन्याचा पगार घेतात. त्याच्याशी आमचा संबंध काय?

कुणाला शेवटची गाडी गाठायची असेल, म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. व्यापारी तंटा नोटीस येते त्या दिवशी जन्मतो असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. तो करारावर सही होते त्या दिवशीच लिहिला गेलेला असतो. नोटीस म्हणजे त्याचं नुसतं प्रकाशन. म्हणून हा विषय भांडायला कमी आणि कागद वाचायला जास्त शिकवतो. आणि कागद वेळेवर न वाचल्याची किंमत आपल्या महाराष्ट्राने एकदा भरपूर मोजलेली आहे. कुठे, ते आपल्याला ठाऊक आहे; तिथे मी येणारच आहे.

आज चार मुद्दे मांडतो. हा विषय मुळात का आहे, त्यात काय शिकवतात, कसं शिकवतात, आणि कुणासाठी शिकवायला हवं.

पहिला मुद्दा: कोर्ट असताना लवाद कशाला?

कोल्हापूरची एखादी फौंड्री घ्या. तिने इटलीतल्या एका कारखान्याला कास्टिंग पाठवलं. माल पोचला, बिल थकलं. आता दावा लावायचा कुठे? कोल्हापुरात लावला, जिंकलाही समजा. पण ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याची मशिनरी इटलीत, बँकखातं इटलीत. आपल्या कोर्टाचा हुकूमनामा घेऊन तिथे गेलात तर तिथला न्यायाधीश तो लगेच बजावून देईल का? नाही. तिथल्या कायद्याची वाट पहिल्यापासून चालावी लागेल. उलट दिशेलाही तेच. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ४४अ आहे. त्याखाली सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या देशांच्या कोर्टांचे हुकूमनामे आपल्याकडे थेट बजावता येतात. एवढी मोठी अमेरिका, पण ती त्या यादीत नाही. कोर्टांचे निकाल एकमेकांनी मानावेत यासाठी हेगमध्ये २०१९ साली करार झाला. तो २०२३ पासून अमलात आला, पण भारत त्यात नाही.

थोडक्यात, कोर्टाचा निकाल सरहद्दीवर अडतो. लवादाचा निवाडा अडत नाही. असं का व्हावं? सरकारने नेमलेल्या न्यायाधीशापेक्षा दोन पक्षांनी निवडलेल्या खासगी माणसाचा कागद जगात जास्त चालावा, हे उफराटं नाही का?

याचं उत्तर एका तारखेत आहे: १० जून १९५८. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये परदेशी लवाद-निवाड्यांच्या अंमलबजावणीचा करार सह्यांसाठी खुला झाला. भारताने त्याच दिवशी सही केली आणि १९६० मध्ये त्याला अंतिम मान्यता दिली. आज १७० हून अधिक देश त्यात आहेत. सगळी मिळून १६ कलमं. चहा गार व्हायच्या आत वाचून होतात. गाभा पाचव्या कलमात आहे. परदेशी निवाडा बजावायला कोर्टाने नकार द्यायचा तर कारणं किती? सात. लवादाचा करारच अवैध होता, पक्षकाराला बाजू मांडू दिली नाही, लवादाने आपल्या हद्दीबाहेरच्या गोष्टीवर निवाडा दिला, लवाद ठरल्याप्रमाणे नेमला गेला नाही, निवाडा अजून बंधनकारक झालेला नाही किंवा तो रद्द झाला आहे, असा तंटा लवादाकडे जाऊच शकत नाही, आणि निवाडा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे. संपली यादी.

त्या यादीत काय नाही, ते पाहा. ‘निवाडा चुकीचा आहे’ हे कारण त्यात नाही. लवादाने पुरावा चुकीचा वाचला, कायदा चुकीचा लावला, तरी एवढ्यावरून दुसऱ्या देशाचं कोर्ट निवाडा अडवू शकत नाही. वर्गात हे सांगितलं की विद्यार्थी दचकतात. दचकायलाच हवं. अपील जवळजवळ नाही, म्हणून हा निवाडा जगभर चालतो. आणि अपील नाही, म्हणूनच आधीचा कागद एवढा महत्त्वाचा.

जाता जाता एक गंमत. आपल्या कायद्याने यात एक बारीक अट घातली आहे. ज्या देशांची नावं केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केली आहेत, तिथले निवाडेच आपल्याकडे या करारानुसार बजावले जातात. ती नावं आहेत सुमारे ५०. म्हणजे १७० देशांचा करार, पण भारतापुरता ५० देशांचा. लवाद कुठे बसवायचा हे ठरवताना राजपत्र उघडून पाहायला हवं, हे किती वकिलांच्या लक्षात असतं? मी नावं घेत नाही. सभागृहात मित्र बसलेले आहेत.

आणि ही कल्पना आपल्याला परकी आहे असंही समजू नका. मराठेशाहीतल्या गोतसभेसमोर वाद चालण्याआधी दोन्ही पक्षांकडून लेखी संमती घेत, की होईल तो निवाडा आम्हाला मान्य. तसं वागण्याबद्दल जामीनही घेत. गावात आपल्याला न्याय मिळणार नाही असं वाटलं तर पक्षकार दुसरं ठिकाण मागू शकत. आधी संमती, मग ठिकाण, मग निवाडा. आजच्या लवादाचा क्रम याहून वेगळा नाही.

दुसरा मुद्दा: यात शिकवतात काय?

लग्नाच्या बैठकीत याद्या होतात. जेवणावळ कुणाकडे, मानपान कुणाचा, हॉलचं भाडं कोण भरणार, सगळं लिहितात. पण न पटलं तर काय, हे यादीत कुणी लिहीत नाही. विषय काढला तरी अपशकुन! व्यापारी कराराचंही असंच होतं. किंमत, मुदत, दर्जा यांवर महिनोन् महिने घासाघीस होते आणि तंट्याचं कलम शेवटच्या रात्री जुन्या करारातून उचलून चिकटवलं जातं.

त्या कलमात चार प्रश्नांची उत्तरं हवीत. लवादाची सीट कुठे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लवाद कोणत्या देशाचा? कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू? लवाद किती जणांचा आणि त्यांना नेमणार कोण? आणि कोणत्या संस्थेचे नियम? संस्था पुष्कळ आहेत. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचं, म्हणजे आयसीसीचं, लवाद न्यायालय १९२३ पासून आहे, लंडनच्या संस्थेची मुळं १८९२ पर्यंत जातात, सिंगापूरची १९९१ ची, आणि मुंबईत २०१६ पासून आपलं मुंबई आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे.

आता हे चार प्रश्न एकमेकांत कसे गुंततात, ते एका प्रकरणातून दाखवतो. भारत ॲल्युमिनियम, म्हणजे बाल्को, हिने १९९३ मध्ये कैसर नावाच्या अमेरिकी कंपनीशी करार केला. कारखान्यात संगणकीय यंत्रणा बसवून द्यायची होती. कराराला कायदा कुठला? भारताचा. लवादाला कायदा कुठला? इंग्लंडचा. बैठक कुठे? लंडनला. वाद झाला, लवाद बसला आणि २००२ मध्ये निवाडे बाल्कोच्या विरुद्ध गेले. बाल्कोने काय करावं? लंडनमधले ते निवाडे रद्द करा म्हणून थेट बिलासपूरच्या जिल्हा न्यायालयात अर्ज!

हसू नका. त्या वेळी अर्ज करायला जागा होती. आपला १९९६ चा लवाद कायदा दोन भागांत आहे: पहिला भाग भारतात बसणाऱ्या लवादाचा, दुसरा परदेशी निवाड्यांचा. पण २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाटिया इंटरनॅशनल प्रकरणात सांगितलं की पक्षकारांनी वगळला नसेल तर पहिला भाग परदेशातल्या लवादालाही लागू. हेतू चांगला होता. लवाद परदेशात चालू असताना भारतातली मालमत्ता कुणी गायब करू नये, म्हणून इथल्या कोर्टाला तात्पुरता मनाईहुकूम देता यावा. पण दार किलकिलं केलं की सगळेच आत शिरतात. २००८ मध्ये व्हेंचर ग्लोबल प्रकरणात परदेशी निवाडा भारतीय कोर्टात रद्द करून मागता येतो, इथपर्यंत गाडी गेली. अखेर ६ सप्टेंबर २०१२ रोजी बाल्कोच्याच प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही वाट बंद केली. सीट परदेशात असेल तर पहिला भाग लागू नाही. निवाडा रद्द करायचा तो सीट असलेल्या देशाच्या कोर्टाने. आणि हा नियमही त्या तारखेनंतर झालेल्या करारांनाच. जुन्या करारांचं जुनंच.

मग मधल्या काळात भाटिया प्रकरणातला मूळ हेतू कोण सांभाळणार? त्यासाठी २०१५ मध्ये कायदा बदलावा लागला आणि परदेशी सीट असली तरी तात्पुरत्या संरक्षणासाठी भारतीय कोर्टात येता येईल, अशी सोय केली. १३ वर्षांचा हा फेरा एका शब्दाभोवती फिरला: ठिकाण. करारातली एक ओळ, आणि तिच्यासाठी पाच न्यायमूर्ती!

या दिरंगाईचा दुसरा अंकही आहे. ऑस्ट्रेलियाची व्हाइट इंडस्ट्रीज आणि आपली कोल इंडिया यांच्यात पिपरवार कोळसा खाणीसाठी १९८९ मध्ये करार झाला. तंटा झाला आणि २००२ मध्ये व्हाइटच्या बाजूने निवाडा लागला. तो रद्द करण्याचा अर्ज कोलकात्यात, बजावण्याचा अर्ज दिल्लीत. वर्षामागून वर्षं गेली, पैसे काही हातात येईनात. तेव्हा व्हाइटने काय करावं? भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक करार काढला आणि थेट भारत सरकारलाच लवादापुढे खेचलं. तक्रार काय, तर तुमची कोर्टं वेळेत निकाल देत नाहीत. २०११ मध्ये लवादाने ती मान्य केली. आपल्या गावात ‘तारीख पे तारीख’ हा विनोद आहे. तिथे तो करारभंग ठरला. त्यानंतर सरकारने गुंतवणूक करारांचा नवा नमुना २०१६ मध्ये आणला. परदेशी गुंतवणूकदाराने आधी इथल्या न्यायव्यवस्थेत पाच वर्षं प्रयत्न करावेत, अशी अट त्यात आहे.

तिसरा मुद्दा: हे शिकवतात कसं?

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय लवादाचं स्वतंत्र स्कूल १९८५ मध्ये सुरू झालं. तोवर हा विषय बहुतेक ठिकाणी वकिलांच्या कचेरीत, उमेदवारी करून शिकायचा. आज जिनिव्हा, सिंगापूर, स्टॉकहोम इथेही त्याचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत, आणि आपल्याकडच्या विधी विद्यापीठांत निदान एक-दोन पेपर असतात.

पण या विषयाची खरी शाळा कोणती विचाराल तर मी व्हिएन्नाची व्हिस मूट, म्हणजे अभिरूप लवादाची, स्पर्धा म्हणेन. विलेम व्हिस यांच्या नावाने ती १९९३-९४ मध्ये ११ संघांनिशी सुरू झाली. आज तिथे जगभरातून साडेतीनशेहून अधिक संघ येतात, भारतातलेही येतात. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात व्हिएन्ना विद्यार्थ्यांनी भरून जाते. ऑक्टोबरमध्ये एक काल्पनिक तंटा जाहीर होतो: करार, ईमेल, पत्रं, साक्षी, सगळं. डिसेंबरमध्ये प्रत्येक संघाने दावेदाराचं लेखी निवेदन द्यायचं. ते दिलं की दुसऱ्या एका संघाचं दावेदाराचं निवेदन हातात येतं आणि जानेवारीत त्याला प्रतिवादी म्हणून उत्तर द्यायचं. प्रत्यक्ष स्पर्धेत पहिल्या चार फेऱ्या: दोनदा दावेदार, दोनदा प्रतिवादी.

यातली मेख कळली का? काल ज्या कलमाला तुम्ही तलवार केलं, आज तेच तुमच्या गळ्याशी. काल ज्या ईमेलवर तुम्ही बोट ठेवलं, आज तोच ईमेल निरुपद्रवी आहे हे पटवायचं. माझ्या पाहण्यातली मुलं पहिले दोन आठवडे रागावतात. ‘सर, आमची बाजू खोटी आहे.’ तिसऱ्या आठवड्यात ती कागद वेगळ्या नजरेने वाचू लागतात. कोणतं वाक्य दोन्हीकडे वाकतं, हे त्यांना दिसायला लागतं. पुढे हीच मुलं करार लिहायला बसतील, तेव्हा ते वाक्य तसं लिहिणार नाहीत. हे शिक्षण कोणत्या पाठ्यपुस्तकातून मिळेल?

या स्पर्धेत बहुतेक वेळा लागतो तो मालविक्रीचा व्हिएन्ना करार, १९८० चा. आणि भारत त्याचा सदस्यच नाही! आपली मुलं परक्या कायद्यात पारंगत होतात, असं वरवर दिसतं. पण थांबा. तुम्ही जर्मन खरेदीदाराला माल विकलात आणि करारात ‘जर्मन कायदा लागू’ असं लिहून सही केलीत, तर हाच करार तुम्हाला लागतो, कारण तो जर्मन कायद्याचाच भाग आहे. भारत सदस्य नसला म्हणून तुम्ही सुटत नाही.

आता वर्गात मी जे प्रकरण घेतो ते सांगतो. एका स्वित्झर्लंडच्या व्यापाऱ्याने जर्मन खरेदीदाराला न्यूझीलंडचे शिंपले विकले, खायचे. तपासणीत त्यांत कॅडमियम सापडलं, जर्मन आरोग्य खात्याच्या शिफारशीपेक्षा जास्त. खरेदीदार म्हणाला, माल सदोष. मार्च १९९५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने काय सांगितलं? विक्रेता जिंकला. खरेदीदाराच्या देशातले सरकारी निकष विक्रेत्याने आपणहून पाळावेत अशी अपेक्षा धरता येत नाही. तसे निकष करारात लिहिलेले असतील, किंवा खास परिस्थितीमुळे विक्रेत्याला ते ठाऊक असायला हवे असतील, तर गोष्ट वेगळी.

हे सांगून मी फळ्यावर एकच शब्द लिहितो: द्राक्षं. २०१० चा हंगाम आठवा. नाशिककडची द्राक्षं युरोपात गेली आणि तिथे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आपल्याकडच्या निर्यात तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, बागाईतदार हवालदिल झाले. मी विचारतो: शिंपल्यांचा निकाल इथे लागतो का? अर्धा वर्ग म्हणतो लागतो, युरोपचे निकष विक्रेत्याने का जाणावेत? उरलेला अर्धा म्हणतो, वर्षानुवर्षं तिथेच माल पाठवणाऱ्याला, तिथल्या अवशेष-मर्यादा पाहूनच बाग फवारणाऱ्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ असं कसं म्हणता येईल? मग एखादी निफाडची मुलगी उठते आणि विचारते, ‘सर, पण करार होता कुठे?’ वर्ग गप्प होतो. कारण पुष्कळदा करार म्हणजे दोन ईमेल, फोनवरचा भाव आणि विश्वास. माल विकला जाईल त्या भावाने पैसे, असाही व्यवहार असतो. तिथे लवादाचं कलम कुठून आणायचं? आणि असलं तरी एका कंटेनरसाठी लंडनला तीन लवाद बसवले तर द्राक्षांपेक्षा लवाद महाग.

म्हणून या अभ्यासक्रमात मध्यस्थी हा तितकाच मोठा भाग हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सिंगापूरला मध्यस्थीतून झालेल्या समेटाच्या अंमलबजावणीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पहिल्याच दिवशी ४६ देशांनी सह्या केल्या, भारत त्यांत होता. सही केली, पुढची मान्यता अजून बाकी आहे. देशात २०२३ चा मध्यस्थी कायदा मात्र झाला. द्राक्षवाल्याला निवाड्यापेक्षा पुढच्या हंगामाचा खरेदीदार जास्त मोलाचा असतो. लवादात एक जिंकतो आणि नातं संपतं. मध्यस्थीत भाव कमी होतो आणि पुढचा कंटेनर जातो. कोणता सौदा बरा, हे वकिलाने नाही, बागाईतदाराने ठरवायचं. पण ते ठरवता येण्याआधी दोन्ही वाटा त्याला कुणीतरी सांगायला हव्यात ना?

चौथा मुद्दा: हे कुणासाठी शिकवायचं?

आतापर्यंत मी खासगी व्यवहारांबद्दल बोललो. पण सही जेव्हा सरकारची असते तेव्हा?

नायजेरियाचं उदाहरण घ्या. जानेवारी २०१० मध्ये तिथल्या सरकारने पी अँड आयडी नावाच्या कंपनीशी करार केला. सरकारने नैसर्गिक वायू द्यायचा, कंपनीने प्रक्रिया प्रकल्प उभारायचा. प्रकल्प उभा राहिलाच नाही. कंपनी लंडनच्या लवादात गेली आणि २०१७ मध्ये निवाडा लागला: ६६० कोटी डॉलर, वर सात टक्के व्याज. २०२३ पर्यंत आकडा १,१०० कोटी डॉलरच्या पलीकडे गेला. वीट न लावलेल्या प्रकल्पासाठी! त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती नोल्स यांनी सांगितलं की हा निवाडा लबाडीने मिळवलेला आहे. करार होताना लाच दिली गेली होती, खोटी साक्ष दिली गेली होती, आणि लवाद चालू असताना नायजेरियाच्या वकिलांचे गोपनीय कागद कंपनीच्या हाती होते. आणि ज्या लवादापुढे हे सगळं चाललं, त्याला त्याचा पत्ता लागला नाही. नायजेरियाची बाजूच तिथे धडपणे मांडली गेली नव्हती. बंद दाराआड, कमी प्रश्न विचारून, देशाच्या तिजोरीवर एवढा बोजा पडू शकतो. हे पाठ्यपुस्तकाच्या कुठल्या प्रकरणात शिकवतात?

लांब कशाला जायचं? गुहागरला चला. अंजनवेलच्या समुद्रकाठी आपण दाभोळचा वीजप्रकल्प पाहिलेला आहे. एन्रॉनचा ८० टक्के वाटा, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचा प्रत्येकी १० टक्के. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने वीजखरेदी करारावर सही केली. त्या करारात काय होतं? वीज घ्या वा न घ्या, ठरावीक आकार द्यायचाच. हिशेब डॉलरशी बांधलेला. राज्य सरकारची हमी, पहिल्या टप्प्याला केंद्राची प्रतिहमी. आणि तंटा झाला तर लवाद लंडनला.

३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द करण्याची घोषणा केली. टाळ्या झाल्या. कंपनीने काय केलं? लंडनला लवाद सुरू केला. सरकारने काय केलं? करार लबाडीने झाला म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. पुढे वाटाघाटी झाल्या, नवा करार झाला आणि तो दावा मागे घेतला गेला. ज्या आरोपावर नायजेरिया २०२३ मध्ये जिंकली, त्याच जातीचा आरोप आपण १९९५ मध्ये केला आणि वाटाघाटीच्या टेबलावर सोडून दिला. तो सिद्ध झाला असता का, हे आज कोण सांगणार? पण तो तपासून तरी झाला नाही.

पुढचं आपल्याला पाठ आहे. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज आली, दोन वर्षांत मंडळाला बिलं झेपेनात, २००१ मध्ये प्रकल्प थांबला, डिसेंबरमध्ये एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. माधव गोडबोले यांच्या समितीने कराराची चिकित्सा केली, पण ती सहीनंतर सात वर्षांनी. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्या मॉरिशसमधल्या कंपन्यांनी लवाद लढवले. त्यांतला एक निवाडा २००५ मध्ये आला. मग तडजोडी झाल्या आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन झाली.

आता माझा प्रश्न. १९९३ ते १९९५ या काळात तो करार महाराष्ट्रात कुणी वाचला? उत्तर विचार करायला लावणारं आहे. पुण्याच्या ‘प्रयास’ गटातल्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यासला, आकडेमोड केली आणि १९९५ मध्ये विश्लेषण छापलं. ही मंडळी कोण? मुख्यतः अभियंते. आपली विधी महाविद्यालयं तेव्हा कुठे होती? मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं. परंपरा थोर आहे. पण राज्याच्या इतिहासातला एवढा मोठा करार समोर असताना त्यावर वर्गात तास लागले का? परीक्षेत प्रश्न आला का? मी दोष व्यक्तींना देत नाही. अभ्यासक्रमातच ती सवय नव्हती. करार ही पक्षकारांची खासगी बाब, असं आपण शिकवत होतो, आणि बिल मात्र प्रत्येक वीजग्राहकाच्या घरी येत होतं.

तेव्हा करायचं काय? तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, प्रत्येक विधी महाविद्यालयाने दरवर्षी एक सार्वजनिक करार वाचायला घ्यावा: एखाद्या रस्त्याचा, बंदराचा, मेट्रोचा, विजेचा. माहितीचा अधिकार आहे, संकेतस्थळं आहेत. कलमं वाचायची, जोखीम कुणाच्या गळ्यात आहे ते लिहायचं, आणि तो अहवाल छापायचा. बरोबर अभियांत्रिकी आणि वाणिज्यची मुलं घ्यायची, कारण दाभोळचा करार कायद्यापेक्षा आकड्यांत लपला होता.

दुसरी, छोट्या निर्यातदारासाठी साधे नमुना-करार मराठीत तयार करावेत. मूळ करार इंग्रजीतच होणार, हे मान्य. पण सही करणाऱ्याला प्रत्येक कलमाचा अर्थ त्याच्या भाषेत कळायला नको का? सांगलीचा बेदाणेवाला, कोल्हापूरचा फौंड्रीवाला, नाशिकचा द्राक्षवाला: या तिघांचे तंटे वेगळे, म्हणून नमुनेही वेगळे. हे काम विद्यापीठाचं आहे, कारण यात फी नाही.

तिसरी, शासकीय अधिकाऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम हवा. जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या, की देशांतर्गत सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचं कलम आपोआप घालू नये, आणि घातलंच तर सर्वसाधारणपणे १० कोटी रुपयांखालच्या तंट्यांपुरतं. लवादांचा अनुभव महागडा पडला, म्हणून हे पाऊल. मला ते अर्धवट वाटतं. कलम काढून टाकल्याने तंटा नाहीसा होत नाही. तो कोर्टाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. आणि व्हाइट इंडस्ट्रीजने दाखवून दिलंय की त्या रांगेचंही बिल येतं. कलम वगळण्यापेक्षा कलम वाचणारा अधिकारी तयार करणं अवघड आहे, पण दुसरा उपाय मला दिसत नाही.

शेवटी इथल्या विद्यार्थ्यांना सांगतो. तुमच्यातले काही जण लंडनला, सिंगापूरला जातील, मोठ्या फर्ममध्ये लागतील. जरूर जा; मोठी फी घ्या, माझी हरकत नाही. पण एक करा. परत कधी सुट्टीला आलात की आपल्या जिल्ह्यातल्या, सही व्हायच्या एका सार्वजनिक कराराचा मसुदा मागवा आणि त्यातलं तंट्याचं कलम आधी वाचा, मग हमीचं, मग पैशाचं. खटकलं तर पत्रकाराला, आमदाराला, ग्राहक पंचायतीला सांगा, आणि सही व्हायच्या आत सांगा. सही झाल्यावर सांगायला लवाद असतातच, पण ते फी घेऊन सांगतात आणि तोवर आपल्याला ऐकण्याखेरीज काही करता येत नाही.